जुन्या फर्निचरला झिजल्या लाकडाची कळा: रंग की स्टेन?

जुनं फर्निचर झिजल्यासारखं दाखवायला रंग घ्यायचा की स्टेन (लाकडात मुरणारा पातळ रंगद्रव), हे आवडीपेक्षा लाकडावर ठरतं. म्हणून आधी कपाट किंवा टेबल उलटं करून आतली बाजू बघा. फळीवरच्या रेषा कडेवरून पुढे सलग गेलेल्या दिसल्या, तर भरीव लाकूड. कडेला पातळ थर दिसला, तर व्हिनियर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा. रेषाच नाहीत, नुसता दाबलेला भुसा आहे, तर एमडीएफ.

भरीव लाकूड हाती असेल तर माझा कौल निःशंकपणे स्टेनला. स्टेन लाकडात मुरतो, रेषा झाकत नाही. आधी तारेच्या ब्रशने रेषांच्या दिशेनं घासा. मऊ भाग झिजतो, कठीण रेषा वर राहतात आणि राखाडी स्टेन मधल्या खाचांत बसतो. त्यावरून बोट फिरवलं की खडबडीतपणा खरोखर हाताला लागतो, रंगाला हे कधीच जमत नाही. घरच्या घरी करायचं तर स्टील वूल (बारीक पोलादी तारांचा गुंता) एक-दोन दिवस व्हिनेगरमध्ये ठेवून ते पाणी गाळून घ्या आणि फळीला लावा. बरणीचं झाकण मात्र घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो. त्यातल्या लोहाची लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी क्रिया होते आणि फळी डोळ्यांदेखत काळपट पडू लागते. ओकमध्ये टॅनिन भरपूर असतं. पाइनमध्ये कमी, म्हणून त्याला आधी कडक काळ्या चहाचा एक हात द्यावा.

स्टेनची किंमत मेहनतीत मोजावी लागते. जुनं पॉलिश नक्षीच्या खाचांतूनसुद्धा पूर्ण काढावं लागतं, नाहीतर तिथे डाग उठतात. लांबी (पुट्टी) भरलेल्या जागाही वेगळ्या दिसतात.

एमडीएफ, लॅमिनेट किंवा बरीच डागडुजी झालेली वस्तू असेल, तर सरळ रंग घ्या. व्हिनियरलाही रंगच बरा, कारण तो थर बऱ्याचदा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो आणि घासता घासता फाटतो. पृष्ठभाग हलका खरवडून प्रायमर, मग गडद रंग. तो वाळला की कडांवर मेणबत्ती घासा, वर फिका रंग द्या आणि पॉलिश पेपर मारा. मेण असलेल्या जागी वरचा रंग सुटतो. पण सगळीकडे सारखं घासलं की बनावटपणा उघडा पडतो. हात लागतो तिथेच घासा: मुठीभोवती, कोपऱ्यांवर, ड्रॉवरच्या वरच्या कडेला.

जुना रंग खूप वर्षांपूर्वीचा असेल तर त्यात शिसं असू शकतं. चाचणी केल्याशिवाय तो कोरडा घासू नका. तेलावर आधारित स्टेन पुसलेली फडकी गोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.

दोन्हींवर शेवटचा हात मॅट आणि पाण्यावर आधारित वार्निशचा द्या. तेलावर आधारित वार्निशनं राखाडी छटा पिवळी पडते. भरीव लाकडाचं टेबल असेल तर मी वरची फळी स्टेनची आणि पाय रंगाचे ठेवेन: फळीवर हात रोज फिरतो आणि पायांच्या नक्षीतलं पॉलिश काढत बसणं टळतं.