‘आफ्रिकेचे दगड’ म्हणून मला काय विकलं

साताऱ्यात कुणी आफ्रिकन सिक्लिडचा, म्हणजे तिकडच्या सरोवरांतल्या रंगीत माशांचा, टँक लावणार असेल, तर वाळू-दगड घेण्याआधी हे वाचा. माझे ५,७०० रुपये गेले. पण पाच यलो लॅब (पिवळे सिक्लिड) डोळ्यांदेखत मेले, ते जास्त लागलं.

दुकानदार म्हणाला, "दादा, मलावीचे मासे ठेवायचे तर वाळू ॲरागोनाइटचीच पाहिजे. दगड पण थेट आफ्रिकेतनं आलेत." १२० रुपये किलोने २५ किलो वाळू घेतली, १८० ने १५ किलो दगड. वर सांगितलं, बिनधास्त आरओचं पाणी भरा, पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, ७ च्या खाली म्हणजे आम्ल) वाळूच सांभाळेल. त्याच्या बोलण्यात तथ्य होतं, म्हणूनच मी फसलो. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचं पाणी अल्कधर्मी असतं, पीएच साधारण ७.८ ते ८.६. ॲरागोनाइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पाणी आम्लाकडे झुकलं की ते थोडं थोडं विरघळतं आणि पीएच पडू देत नाही.

दीड महिन्यात मासे पंख मिटून कोपऱ्यात बसायला लागले. पीएच तपासला तर ६.४! आरओच्या पाण्यात क्षार नव्हते, माशांच्या घाणीचं नायट्रेट होताना आम्ल तयार होत होतं, आणि ते मारायला वाळूत काहीच नव्हतं.

मग मूठभर वाळू ताटलीत सुकवून तिच्यावर लिंबू पिळलं. काही नाही. शेजारी गणपतीपुळ्याहून आणलेला शिंपला (तोही कॅल्शियम कार्बोनेटच) कुटून ठेवला, त्यावर पिळल्याबरोबर बारीक बुडबुडे फसफसत वर आले. म्हणजे माझी वाळू साध्या गारगोटीची होती.

दगड रात्रभर बादलीत ठेवले, सकाळी पाण्यावर तपकिरी तवंग. खिळ्याने खरवडलं तर रंगाचा पापुद्रा निघाला, खाली काळा दगड. शेजारचे आबा खडी क्रशरवर कामाला होते. हातात घेऊन म्हणाले, "अरं, ह्यो तर आपल्या खाणीतला काळा दगड. ट्रॉलीनं मिळतो."

खरं तर सिक्लिडला हा दगड चालतो. पीएच वाढवत नाही, पण बिघडवतही नाही. मलावीतले यलो लॅबसारखे म्बुना मासे खडकांच्याच कपारीत राहतात, त्यांना लपायला जागा लागते. म्हणजे आबांच्या खाणीतला दगड घासून धुऊन लावला असता तरी भागलं असतं. माझ्या टँकमध्ये गेला तो वरचा रंग.

तेव्हा वाळू आधी चमचाभरच मागा, घरी लिंबू पिळून बघा. दगड खरवडू देत नसतील तर घेऊ नका. आणि पक्कं बिल घ्याच. मी जाब विचारायला गेलो तेव्हा "पाण्यात टाकलेल्या मालाची गॅरंटी नसते" एवढंच उत्तर मिळालं. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार करावी म्हटलं, तर माझ्याकडे फक्त एक चिठ्ठी होती. तिच्यावर लिहिलेलं: ‘टँक सामान, ५७००’.