टबातली कुमुदिनी: अकरा महिन्यांनंतर

मी कमळ मागितलं होतं, आलं ते कमळ नव्हतं. हे कळायला दोन महिने गेले, कारण कमळाचीही पहिली पानं पाण्यावरच तरंगतात. पान अखंड गोल असेल आणि देठ मधोमध जोडलेला असेल तर कमळ. देठापर्यंत चीर गेलेली असेल तर कुमुदिनी, म्हणजेच वॉटर लिली. आता तक्रार नाही. कुमुदिनीला जागाही कमी लागते.

साठ लिटरचा टब, त्यात पसरट कुंडी. पहिल्यांदा कंद लावला तो कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा हलका भुसा) मिसळलेल्या मातीत. पाणी ओतताच अर्धी कुंडी वर तरंगायला लागली! मग बागेतली साधी चिकट माती घेतली, आल्याच्या गड्ड्यासारखा दिसणारा कंद आडवा ठेवला, कोंबाचं टोक उघडं सोडलं आणि वर बारीक खडी पसरली. त्यानंतर माती हलली नाही.

खरा घोळ पाण्याचा. आठवड्याभरात पाणी हिरवंगार झालं. मी सगळं उपसून नवीन भरलं. पुन्हा हिरवं, पुन्हा उपसलं. असं चार वेळा. नव्या पाण्याबरोबर शेवाळाला नवं खाद्य मिळत होतं आणि तळापर्यंत ऊनही, हे डोक्यातच आलं नाही. पाचव्यांदा कंटाळून सोडून दिलं. महिन्याभरात पानांनी निम्म्याहून जास्त पाणी झाकलं आणि एका सकाळी तळाची खडी दिसली. तेव्हापासून फक्त उडून गेलेलं पाणी भरते, तेही आदल्या दिवशी काढून ठेवलेलं.

पानं भरपूर, कळी मात्र नाही. टबावर जेमतेम तीन तास ऊन यायचं. सहा तास ऊन मिळेल अशा जागी हलवायचं ठरवलं, तर साठ लिटर म्हणजे साठ किलो. मगाने उपसत बसले. टब ठेवण्याआधी उन्हाचा हिशेब करा, पाठ वाचेल. हलवल्यानंतर पाचव्या आठवड्यात पहिली कळी.

पहिल्या दिवशीचं फूल जवळून बघाच. मधल्या वाटीत पाण्यासारखा द्रव साठलेला असतो, पुंकेसर अजून मिटलेले. माझ्या फुलात एक चिमुकली माशी पडून बुडाली होती. दुसऱ्या दिवशी वाटी कोरडी आणि पुंकेसर परागांनी पिवळे. चौथ्या दिवशी फूल मिटून पाण्याखाली गेलं. गैरसोय एवढीच की ते सकाळी नऊच्या सुमारास उमलतं आणि दुपारी मिटतं. दिवसभर बाहेर असणाऱ्यांना ते सुट्टीलाच भेटणार. (रात्री उमलणाऱ्या जातीही असतात, हे मला आधी माहीत असतं तर!)

डासांच्या अळ्यांसाठी सहा गप्पी सोडले. आता किती आहेत ते मोजत नाही. मासे असल्यामुळे पानांवर मावा (रस शोषणारे बारीक किडे) पडला तेव्हा औषध मारता येईना. मग जाळीचा तुकडा ठेवून पानं रात्रभर पाण्याखाली दाबली. सकाळी मावा सुटला होता, तो माशांनी खाल्ला.

खताची गोळी महिन्यातून एकदा, बोटाने मातीत खोल खुपसून. एकदा आळसाने ती वरच टाकली आणि पाणी पुन्हा हिरवं. पिवळं पडलेलं पान नुसतं तोडू नका, देठ चाचपत बुडाशी जाऊन कापा. नाहीतर देठ आत कुजतो आणि वास येतो.

सध्या नवी पानं लहान येताहेत आणि एकमेकांवर चढून पाण्याबाहेर उठताहेत. हात घालून पाहिलं तर कंदाचं टोक कुंडीच्या काठाला टेकलेलं. म्हणजे बाहेर काढून, तुकडे करून पुन्हा लावायला हवा. पण खालून दोन कळ्या वर येताना दिसल्या, म्हणून टब अजून तसाच आहे.