घरून काम की ऑफिस? आधी कामाकडे पाहा

नोकरी घेताना ‘घरून काम कराल की ऑफिसला याल?’ असं विचारलं, की बहुतेक जण आधी प्रवास मोजतात. ते रास्तच आहे. रोजचे दोन तास जाण्यायेण्यात गेले, तर ते झोपेतून आणि घरच्या माणसांच्या वाट्यातूनच जातात. पण माझ्या मते त्याआधीचा प्रश्न असा: हे काम तुम्हाला येतं, की अजून शिकायचं आहे?

काम हातात बसलेलं असेल आणि त्याचं मोजमाप होत असेल, तर घराची बाजू भक्कम आहे. चीनमधल्या सीट्रिप या पर्यटन कंपनीने २०१० च्या अखेरीपासून नऊ महिने आपल्या कॉल सेंटरमध्ये घरून कामाचा प्रयोग केला. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम यांनी सहकाऱ्यांसह त्याचा अभ्यास केला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. घरून कामाचे समर्थक हे आकडे नेहमी देतात. मात्र त्यात निवडले गेलेले सगळे निदान सहा महिने मुरलेले होते आणि घरी त्यांना स्वतंत्र खोली होती, हे फारसं कुणी सांगत नाही. वाढही बरीचशी जास्त मिनिटं काम केल्यामुळे झाली होती. शिवाय प्रयोग संपल्यावर निम्मे जण ऑफिसला परतले. एकटेपणा हे त्याचं मोठं कारण. आणि तेवढंच चांगलं काम करूनही घरी बसणाऱ्यांना बढत्या कमी मिळाल्या. मला हीच गोष्ट सर्वांत जास्त खटकते.

नवख्या माणसाने मात्र ऑफिसच घ्यावं, असं मी ठामपणे सांगेन. शेजारच्या टेबलावरचा अनुभवी माणूस चिडलेल्या ग्राहकाशी कसा बोलतो, चूक कशी शोधतो, हे नुसतं ऐकून-बघून कळत जातं. घरी तेच विचारायला मेसेज टाकावा लागतो, आणि संकोचाने तो पुष्कळदा टाकलाच जात नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअरांवरच्या एका अमेरिकन अभ्यासात, टीमसोबत एकाच इमारतीत बसणाऱ्यांना आपल्या कोडवर जास्त सूचना मिळत होत्या आणि नव्यांना त्याचा फायदा अधिक होता. शिकवणाऱ्या ज्येष्ठांचं स्वतःचं काम मात्र त्यामुळे मागे पडत होतं. म्हणजे एकाच टीममधल्या दोघांची उत्तरं वेगळी असणं अगदी स्वाभाविक आहे.

खर्च, कपडे, जेवण यांत घर स्वस्त पडतं; त्यावर फार वेळ घालवू नका. दार लावून बसता येईल अशी जागा नसेल, तर ती बचत लवकरच महाग पडते.

मधला मार्ग हायब्रिडचा, म्हणजे काही दिवस घरून आणि काही दिवस ऑफिसातून. त्याच सीट्रिप कंपनीत १,६०० हून अधिक कर्मचाऱ्यांवर झालेला दुसरा प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातले दोन दिवस घरून काम दिल्यावर नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं. कामगिरीच्या मूल्यमापनात आणि बढत्यांत फरक पडला नाही. ज्यांना निवड करता येते त्यांनी हाच पर्याय घ्यावा असं मी म्हणेन, पण टीमचे ऑफिसचे दिवस एकच असतील तर. नाहीतर ऑफिस गाठूनही दिवस व्हिडिओ कॉलवरच जातो.

होकार देण्याआधी बढती ठरवणारी माणसं कुठे बसतात, हे जरूर विचारा. ती रोज ऑफिसात असतील आणि तुम्ही पूर्ण वेळ घरी, तर वार्षिक आढाव्यात तुमचं काम कोण आणि कशाच्या आधारे मांडणार, हे लेखी ठरवून घ्या.