ट्रक, शार्क की डायनासोर? शनिवारी रात्री कोणता स्पीलबर्ग लावायचा

'ड्युएल' (१९७१), 'जॉज' (१९७५) आणि 'जुरासिक पार्क' (१९९३). तिन्ही स्टीव्हन स्पीलबर्गचे आणि ढोबळमानानं गोष्टही एकच: मागे काहीतरी अवाढव्य लागलंय आणि त्याला दयामाया नाही. तरी टीव्हीपुढे कोण कोण बसणार, यावर निवड पार बदलते. मी समीक्षक नाही, जेवणं उरकल्यावर रिमोट हातात घेणाऱ्यांपैकी आहे. त्या हिशेबानं वाचा.

घरात नऊ-दहा वर्षांच्या पुढची पोरं असतील तर डोकं चालवू नका, 'जुरासिक पार्क' लावा. दोन तास सात मिनिटांच्या या सिनेमात डायनासोर पडद्यावर असतात जेमतेम पंधरा मिनिटं, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. टी-रेक्स यायलाच तासभर लागतो, आणि त्याची वर्दी देतं ते गाडीतल्या ग्लासातलं थरथरणारं पाणी. स्वयंपाकघरातला प्रसंग तर आजही अंगावर येतो: स्टीलच्या कपाटांआड दबून बसलेली दोन मुलं आणि फरशीवर नखाची टकटक. मोठ्यांची पात्रं मात्र पातळ आहेत. पार्कच्या मालकाच्या भूमिकेत 'गांधी'चे दिग्दर्शक रिचर्ड अॅटनबरो आहेत म्हणून तेवढं निभावतं. विज्ञानाचा हट्ट धरू नका. स्वयंपाकघरात शिरणारे ते डायनासोर म्हणजे व्हेलोसिरॅप्टर; खरा व्हेलोसिरॅप्टर टर्की पक्ष्याएवढा होता आणि त्याला पिसं होती. आजी-आजोबा सोबत असतील तर हिंदी डब खुशाल लावा, काही बिघडत नाही.

पण मला विचाराल तर सिनेमा म्हणून 'जॉज' कितीतरी वरचा. यातला यांत्रिक शार्क समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून तो न दाखवता भीती उभी करणं भाग पडलं. संगीतकार जॉन विल्यम्सचे ते दोन सूर, पाण्याच्या पातळीवर डुचमळणारा कॅमेरा, आणि शार्कला दोरानं अडकवलेली पिवळी पिंपं. पिंप पाण्याखाली ओढलं गेलं की कळतं, साहेब खाली आहेत. शार्क तोंड वासून समोर येईपर्यंत सव्वा तास उलटून गेलेला असतो.

आणि शार्कपेक्षाही माणसं लक्षात राहतात. बेटाची कमाई उन्हाळी पर्यटकांवर, त्यात ४ जुलैचा, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा सण तोंडावर, म्हणून नगराध्यक्ष किनारा बंद करू देत नाही. अंगात जहाजाचे नांगर छापलेला कोट घालून हा गृहस्थ सगळं आलबेल असल्याचं सांगत फिरतो. असा एखादा तुमच्याही ओळखीचा निघेल. मग ज्या आईचा मुलगा गेला ती सगळ्यांदेखत पोलिसप्रमुख ब्रॉडीच्या कानाखाली वाजवते. त्या रात्री ब्रॉडी जेवणाच्या टेबलावर डोकं धरून बसतो, तर त्याचा धाकटा पोरगा बापाची नक्कल करतो: बाप हात जोडून बसला की हाही तसाच, बापानं तोंड वाकडं केलं की यानंही. जवळपास न बोलता मिनिटभर चाललेला हा प्रसंग पाहिल्यावर पुढे ब्रॉडी बोटीत चढतो तेव्हा आपला जीव खरोखर टांगणीला लागतो. उत्तरार्ध म्हणजे जवळपास तीन माणसं, एक बोट आणि समुद्र, तरी कंटाळा येत नाही.

दोन सूचना. यात लहान मुलाचा बळी जातो, तेव्हा चिल्लीपिल्ली झोपल्यावरच लावा. आणि पहिल्याच प्रसंगात अंधारात पोहायला उतरणारी मुलगी विवस्त्र आहे. स्पष्ट काही दिसत नाही, पण शेजारी सासरे बसणार असतील तर आधी माहीत असलेलं बरं.

'ड्युएल' त्यांच्यासाठी, ज्यांना दीड तासात मोकळं व्हायचंय. मुळात ७४ मिनिटांचा, टीव्हीसाठी केलेला; थिएटरसाठी वाढवून तो ९० मिनिटांचा झाला. लाल गाडीतला एक साधा विक्रेता, मागे गंजका टँकर, कॅलिफोर्नियातला ओसाड रस्ता, एवढंच. ड्रायव्हरचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही, फक्त हात आणि बूट. संवाद इतके कमी की इंग्रजीची धास्ती असलेल्यानंही बिनधास्त बघावा. ढाब्यासारख्या एका ठिकाणी नायक काउंटरवर बसलेल्यांचे बूट न्याहाळत यातला तो कोण हे ताडू पाहतो, तिथे अक्षरशः घाम फुटतो. नायकाच्या मनातले विचार मात्र आवाजात ऐकवलेत, ते नसते तर बरं झालं असतं. दोन रात्री सलग हाताशी असतील तर आधी हा आणि मग 'जॉज' बघा: इथे ट्रकच्या शेवटाला जी गुरगुर ऐकू येते, तीच स्पीलबर्गनं शार्कच्या शेवटाला पुन्हा वापरली आहे.

'जॉज' आवडला म्हणून त्याचे पुढचे भाग लावायला जाऊ नका, त्यातला एकही स्पीलबर्गनं केलेला नाही. 'जुरासिक'चा १९९७चा दुसरा भाग त्याचाच आहे, पण तो पोरांनी फारच हट्ट धरला तर.