व्हे प्रोटीनच्या डब्यात 4,200 रुपयांची गोड पिठी

दादरला घेतलेला दोन किलोचा व्हेचा, म्हणजे दुधाच्या निवळीतल्या प्रोटीनच्या पावडरचा डबा बनावट निघाला. डब्याचे 4,200 गेले, वर खासगी प्रयोगशाळेचे 2,360. एकूण 6,560. छापील किंमत 6,799, म्हणजे जवळपास अस्सल डबा आला असता. लेबलवर 30 ग्रॅमच्या स्कूपमध्ये 24 ग्रॅम प्रोटीन. अहवालात 100 ग्रॅममध्ये 11.2. बाकी बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली पिठी.

‘एवढी सूट बघून कळलं नाही?’ असं विचारणाऱ्यांनो, मुदत संपत आलेला खरा मालही असाच स्वस्त मिळतो. घोळ दिसायला हवा होता तो स्क्रॅच कोडपाशी, म्हणजे डबा अस्सल आहे का हे वेबसाइटवर तपासायच्या आकड्यापाशी. कोड दुकानदाराने खरवडला, मोबाइलही त्याचाच. हिरवी खूण आली, पण वेबसाइटच्या पत्त्यात कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त होतं. डोळ्यांसमोर होतं! असल्या पानावर कुठलाही आकडा टाका, ‘अस्सल’च येतं. कोड स्वतःच्या मोबाइलवर, पत्ता हाताने टाइप करून तपासा. शिवाय आयातदाराचं स्टिकर नेमकं बॅच नंबरवर चिकटवलेलं, आणि झाकणाखालच्या सीलच्या कडेला गोंदाचे ओघळ. कारखान्यात हे सील उष्णतेने बसवतात, ओघळ येतील कुठून?

घरी बघायचं तर चमचाभर पावडर उकळत्या पाण्यात टाका. साधं व्हे दूध फाटल्यासारखं गुठळ्या धरतं, नुसतं माल्टोडेक्स्ट्रिन साखरेसारखं विरघळतं. यावरच विसंबू नका. ग्लायसिन, टॉरिन अशी नायट्रोजन असलेली सुटी अमिनो आम्लं मिसळली की प्रयोगशाळेची नेहमीची चाचणीही फसते, कारण ती नायट्रोजन मोजून प्रोटीन काढते. कोणतं अमिनो आम्ल किती, याचा तक्ता मागा.

आता तक्रारीचं. पोलीस चौकीत उत्तर: दिवाणी बाब आहे, ग्राहक मंचात जा. अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात उत्तर: फोडलेल्या डब्याचा नमुना चालत नाही. न फोडता आतलं कसं कळणार, ते साहेबांनाच ठाऊक. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याचं 40 वं कलम ग्राहकाला फी भरून तपासणीचा हक्क देतं, पण तसा इरादा खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगायचा! चोराला आधी वर्दी द्या, मग पकडा. आणि ‘साहेब, जीएसटी वाचतोय ना’ म्हणत दिलेली कच्ची चिठ्ठी एकाही टेबलावर चालली नाही. पक्कं बिल नाही तर माल घेऊच नका.

मुळात डबा लागतो किती जणांना? आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रोटीन, 60 किलोला 50. दोन अंडी 12, पाव लिटर दूध 8, 50 ग्रॅम कोरडी डाळ 11, 30 ग्रॅम सोया चंक्स 15. झाले 46, उरलेलं पोळीभातातून सहज येतं. वजनं उचलणाऱ्यांना जास्त लागतं, मान्य. पण दुकान सुचवणाऱ्या ट्रेनरला कमिशन किती, तेही विचारा.

रिकामा डबा भंगारवाल्याला देताना लेबल फाडा, तळाला भोक पाडा. हेच डबे भरून पुन्हा विकायला येतात.