मुलाची ड्रग टेस्ट: घरी, शाळेत की डॉक्टरांकडे?

मुलगा उशिरा येतो, डोळे लाल असतात, पैशांचा हिशेब लागत नाही. एकदा टेस्ट करून सोक्षमोक्ष लावावा, असं अशा वेळी आईबापांना वाटतंच. पण टेस्ट कुठे करता यावर पुढचं बरंच काही ठरतं.

घरच्या किटची जमेची बाजू मोठी आहे. ते ऑनलाइन मिळतं, लघवीत पट्टी धरली की पाच मिनिटांत निकाल येतो आणि चार भिंतींबाहेर काही जात नाही. अडचण आहे ती निकाल वाचण्यात. कोविडच्या किटवर दुसरी रेघ उमटली की पॉझिटिव्ह, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. ड्रगच्या पट्टीवर नेमकं उलटं असतं. दुसरी रेघ आली तर निगेटिव्ह, अगदी पुसट आली तरी निगेटिव्हच. माझ्या ओळखीतल्या एका आईने रात्री अकरा वाजता बाथरूमच्या दिव्याखाली पट्टी धरली, पुसट रेघ पाहिली आणि पोराच्या कानाखाली वाजवली. सकाळी सोबतचा कागद वाचला तेव्हा चूक कळली. पोरगं महिनाभर तिच्याशी धड बोललं नाही.

पॉझिटिव्ह आलं तरी ते शेवटचं उत्तर नव्हे. खसखशीत मॉर्फिनचा अंश असतो. दिवाळीत भरपूर अनारसे खाल्ले किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध घेतलं, तर ओपिएटची, म्हणजे अफूच्या जातीच्या नशेची, पट्टी फसू शकते. म्हणून लॅबमध्ये खात्रीची दुसरी तपासणी हवीच. गांजा रोज ओढणाऱ्याच्या लघवीत तो सोडल्यावरही काही आठवडे सापडतो, म्हणजे सुटू पाहणारा मुलगाच पकडला जातो. निगेटिव्हवरही निश्चिंत होऊ नये. व्हाइटनर, सोल्यूशन हुंगलेलं या पट्ट्यांवर दिसतच नाही. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, किट जी नेहमीची ड्रग्ज तपासतं त्या यादीतून बऱ्याचदा निसटतं. एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत हुंगण्याच्या नशेचं प्रमाण १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के होतं, मोठ्यांमध्ये ०.५८ टक्के. मुलं मोठ्यांच्या पुढे होती ती याच एका नशेत, आणि तीच किटला दिसत नाही.

शाळेतल्या तपासणीचा सगळ्यात मोठा अनुभव अमेरिकेचा. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये खेळाडू विद्यार्थ्यांची आणि २००२ मध्ये स्पर्धात्मक उपक्रमांत उतरणाऱ्या सगळ्यांची सरसकट चाचणी वैध ठरवली. २००२ च्या खटल्यातल्या शाळेचा नियम असा होता की निकाल पोलिसांकडे जाणार नाही आणि अभ्यासावर परिणाम होणार नाही. फायदा किती झाला? ३६ हायस्कूलांच्या सरकारी अभ्यासात (२०१०) तपासणीच्या कक्षेतल्या १६ टक्के मुलांनी गेल्या महिन्यात नशा केल्याचं सांगितलं, तपासणी नसलेल्या शाळांत २२ टक्क्यांनी. फरक आहे. पण पुढे नशा करण्याच्या इराद्यात काहीच फरक पडला नाही. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये सरसकट शालेय तपासणीला विरोधच केला.

आपल्याकडे तर मी स्पष्ट नाही म्हणेन. अमली पदार्थ घेणं हा एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७ खाली गुन्हा आहे, आणि शाळेतली गोष्ट संध्याकाळपर्यंत पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असते. पालकसभेत हा विषय आलाच तर निकाल कोण पाहणार, कागद कुठे राहणार, पोराला संघातून काढणार का, हे लेखी मागा. ज्याला मैदानाची सगळ्यात जास्त गरज आहे, त्यालाच आपण मैदानाबाहेर काढतो, हे मला पटत नाही.

तिसरी वाट डॉक्टरांची. मानसोपचारतज्ज्ञ मुलाशी एकट्याने बोलतात, त्याला विचारून नमुना घेतात आणि शंका असेल तर लॅबमधून खात्री करतात. निकाल आला की उपचार तिथेच सुरू होतात. पुण्याचं मुक्तांगण हे केंद्र १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय. उपचार सुरू असलेला मुलगा स्वतः तयार असेल तर घरचं किटही उपयोगी पडतं, कारण तेव्हा निगेटिव्ह पट्टी त्याची कमाई असते. नुसता संशय असेल तर आधी बोला. तो झोपेत असताना दप्तर उचकू नका, लघवी चोरून तपासू नका. मात्र मूल शुद्धीवर नसेल, श्वास मंद झाला असेल, तर टेस्टबिस्ट बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल गाठा.

किट आणून कपाटात ठेवलंच असेल, तर ते फोडण्याआधी दोघांनी बसून एक ठरवा: पॉझिटिव्ह आलं तर उद्या सकाळी कोणत्या डॉक्टरांकडे जायचं. नाव सुचत नसेल तर १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनला आधी फोन लावा, किट नंतर.