उर्दू कागद वाचून देणारं जालन्यातलं दुकान : वाचन एक नंबर, टायपिंग तेवढं तपासून घ्या

वारस नोंदीच्या भानगडीत आज्याची पत्र्याची पेटी उघडली तर निम्मे कागद उर्दूत. तलाठी म्हणले भाषांतर करून आणा. मोंढ्याकडच्या गल्लीत हे दुकान आहे, बोर्डबिर्ड काय नाही, पुढं झेरॉक्स मशीन अन् मागं भिंग घेऊन बसलेले चाचा. पानाला 200 रुपये. आधी लई वाटले, नंतर नाही वाटले.

कारण चाचा नुसतं वाचत नाहीत, समजून सांगतात. एका कागदावर तारीख होती आजुर 1358, मी म्हणलं हे कुठलं साल, तर म्हणले फसली आहे बेटा, निजामाच्या महसुलाचं साल, 590 मिळव, अन् आजुर हा महिना. म्हणजे ऑक्टोबर 1948! आता बघा, 17 सप्टेंबरला निजामानं हत्यार टाकलं, हैदराबादेत जनरल चौधरी लष्करी गव्हर्नर होऊन बसले, अन् पुढच्याच महिन्यात आमच्या गावच्या कागदावर तीच उर्दू, तेच फसली साल, अन् सारा निजामाच्या हाली सिक्क्यात (7 हाली म्हणजे भारताचे 6 रुपये). वरचं राज्य 5 दिवसात गेलं पण खालच्या कारकुनाला कुणी काही सांगितलंच नव्हतं की.

सोबत भाचा होता, एमपीएससी करतोय, तो लागला हाँगकाँग ब्रिटनकडून चीनकडं कसं गेलं ते सांगायला. तिथं म्हणे 1984 ला करार, 1990 ला पुढचा कायदा लिहून तयार अन् ताबा 1997 ला, म्हणजे 13 वर्षं नुसती जुळवाजुळव, कोर्टं, नोकर, डॉलर सगळं आहे तसं पुढं चालू राहील असं आधीच ठरलेलं. फक्त 1995 ला निवडून आलेलं विधिमंडळ चीनला पटलं नाही, त्यांनी हंगामी दुसरंच नेमलं अन् ताबा मिळेपर्यंत त्याच्या बैठका शेनझेनला घेतल्या. चाचा भिंगातून वर न बघता म्हणले, तेरा वर्षं मिळून बी भांडलेच ना. पण माझं म्हणणं तेच आहे, त्यांचं भांडण वरच्या खुर्चीचं होतं, आमच्याकडं जुळवाजुळव ताबा घेतल्यावर सुरू झाली अन् ती बी दोनदा, एकदा हैदराबादची दिल्लीशी, अन् 1956 ला राज्याचे तीन तुकडे झाले तवा आमचे 5 जिल्हे मुंबई राज्यात गेले तेव्हा परत (जालना तवा औरंगाबाद जिल्ह्यातच होतं). आज्याची जमीन तिथंच, कागदाचं ऑफिस मात्र हैदराबादचं मुंबईला.

आता तक्रार. चाचांनी 4 एकर 12 गुंठे वाचलं, मी सोता ऐकलं, अन् कॉम्प्युटरवरच्या पोरानं 4 एकर 2 गुंठे मारलं. घरी आल्यावर दिसलं. दहा गुंठ्यासाठी आमच्याकडं भाऊ भावाला बोलत नाहीत बाबा! दुसऱ्या दिवशी फुकट दुरुस्त करून दिलं, पण बसचं भाडं अन् दिवस गेला तो गेलाच.

पाचापैकी चार स्टार. झेरॉक्स नेऊ नका, मूळ कागद न्या, फिकट शाईचं झेरॉक्समधी काहीच उठत नाही. आकडे तिथंच बसून वाचून घ्या. अन् शुक्रवारी दुपारी जाऊ नका, चाचा नमाजला गेलेले असतात, पोरगा नुसता बसा म्हणतो.